पाहुणे राजधानीत, रस्ता लिमोनचा

२०१३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा कोस्टा रिकाची राजधानी सान होसे इथे येऊन गेले. त्यांच्या मागोमाग, जूनच्या २ तारखेला, चीनचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग तिथे उतरले. अर्धा कोटी लोकवस्तीच्या, १९४८ साली लष्करच मोडीत काढलेल्या एका छोट्या देशात जगातले दोन सगळ्यांत बलाढ्य नेते महिन्याभरात हजेरी लावून गेले. असं कशामुळे होतं, आणि मुख्य म्हणजे त्यातून त्या देशाच्या मागासलेल्या भागांच्या पदरात काय पडतं, हे समजून घ्यायला कोस्टा रिकासारखं उदाहरण शोधून सापडणार नाही. कारण इथे एका दौऱ्यात सही झालेल्या एका रस्त्याची गोष्ट पुढची बारा वर्षं उलगडत गेलेली आहे.

आधी थोडा भूगोल. कोस्टा रिकाचे सात प्रांत आहेत. देशाच्या मधोमध डोंगरांनी वेढलेलं एक उंच खोरं आहे. राजधानी तिथे, विद्यापीठं तिथे, मोठे कारखाने तिथे आणि निम्म्याहून जास्त लोकही तिथेच. पश्चिमेला पॅसिफिक महासागर, पूर्वेला कॅरिबियन समुद्र. पूर्वेचा सगळा किनारा लिमोन या एकाच प्रांताचा. देशाचा समुद्रमार्गे होणारा सुमारे ८० टक्के व्यापार लिमोन शहर आणि त्याला लागून असलेल्या मोईन या बंदरांतून होतो. केळी, अननस, कॉफी, यंत्रं, सगळं इथून जातं-येतं. आणि तरीही गरिबी, बेकारी, खून यांच्या आकड्यांत लिमोन वर्षानुवर्षं देशातल्या सगळ्यांत वाईट प्रांतांत मोडतो. ज्या दारातून अख्ख्या देशाची मिळकत ये-जा करते तो उंबरठाच कंगाल, असा हा प्रकार.

परदेशी नेते येतात तेव्हा या विषमतेसाठी येत नाहीत, हे स्पष्ट बोललेलं बरं. त्यांची कामं वेगळी असतात. जॉन केनेडी मार्च १९६३ मध्ये सान होसेला आले ते क्युबातल्या क्रांतीनंतर मध्य अमेरिका हातची जाऊ नये म्हणून. या भागातल्या सगळ्या राष्ट्राध्यक्षांना ते तिथे एकत्र भेटले. (त्याच सुमारास शेजारचा इराझू ज्वालामुखी जागा झाला आणि पुढची जवळजवळ दोन वर्षं राजधानीवर राख पडत राहिली. केनेडींची भेट आणि ती राख यांचा संबंध तिथली जुनी माणसं अजून जोडतात.) रोनाल्ड रेगन १९८२ च्या डिसेंबरात आले तेव्हा शेजारच्या निकाराग्वातलं डावं सरकार हा विषय होता. २०१३ मध्ये ओबामांनी मध्य अमेरिकी देशांच्या नेत्यांशी बोलणी केली ती व्यापार, ऊर्जा आणि अमली पदार्थांवर.

चीनचं येणं मात्र वेगळ्या हिशोबाने झालं.

चीन आणि तैवान, दोघांशी एकाच वेळी राजनैतिक संबंध ठेवता येत नाहीत. बीजिंगची ती पहिली अट असते. मध्य अमेरिकेतले देश कित्येक दशकं तैवानच्या बाजूने होते आणि तैवानही त्यांना धरून होतं. कोस्टा रिकात त्याची एक ठळक खूण आहे. ग्वानाकास्ते प्रांतात तेम्पिस्के नदीवर तैवानच्या पैशातून एक देखणा पूल बांधला गेला. २००३ मध्ये तो सुरू झाला. त्याआधी निकोया द्वीपकल्पात जायला फेरीबोटीची वाट पाहायची किंवा लांबचा वळसा घ्यायचा. पुलामुळे तो त्रास संपला, पर्यटक वाढले, शेतमाल लवकर पोचू लागला. राजकारण बाजूला ठेवून बघितलं तर परदेशी मदतीने मागास भागाचं भलं कसं होतं याचं हे साधंसुधं, चांगलं उदाहरण आहे. जिथे अडचण होती नेमकं तिथेच काम झालं.

चार वर्षांनी, जून २००७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ऑस्कर आरियास यांनी तैवानचा हात सोडून चीनचा धरला. हे तेच आरियास, ज्यांना मध्य अमेरिकेतली यादवी युद्धं थांबवण्याच्या प्रयत्नांसाठी १९८७ चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालं होतं. मध्य अमेरिकेतल्या, चीनकडे वळलेल्या या लाटेतला हा पहिला देश. पनामा २०१७ मध्ये, एल साल्वाडोर २०१८ मध्ये, निकाराग्वा २०२१ मध्ये आणि होंडुरास २०२३ मध्ये त्याच वाटेने गेले. बदल्यात चीनने कोस्टा रिकाचे ३० कोटी डॉलरचे सरकारी कर्जरोखे विकत घेतले आणि वर मदतही देऊ केली. हा कर्जरोख्यांचा व्यवहार सरकारला गुप्त ठेवायचा होता. एका वृत्तपत्राने पाठपुरावा केला, प्रकरण घटनापीठाकडे गेलं आणि २००८ मध्ये कागद उघड करावे लागले. छोट्या देशातली न्यायव्यवस्था खमकी असली की पाहुण्यांच्या शिष्टाचाराची ती फारशी पत्रास ठेवत नाही, हे इथे पहिल्यांदा दिसलं. पुढेही दिसणार आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात चीनचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ आले. मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटींची घोषणा झाली आणि तो करार २०११ मध्ये लागूही झाला. मैत्रीची भेट म्हणून चीनने सान होसेत ३५,००० आसनांचं राष्ट्रीय क्रीडासंकुल बांधून दिलं, सुमारे १० कोटी डॉलर खर्चून. बांधणारी कंपनी चिनी, कामगार चीनमधून आणलेले. २६ मार्च २०११ ला उद्घाटनाचा फुटबॉल सामना कोस्टा रिका विरुद्ध चीन असा झाला आणि २-२ असा बरोबरीत सुटला. याहून सोयीचा निकाल शिष्टाचार खात्यालाही सुचला नसता.

मैदान सुंदर आहे, त्यावर पुष्कळ सामने झाले, मोठमोठे गायक येऊन गेले. पण ते राजधानीतल्या सगळ्यांत मोठ्या उद्यानात उभं आहे. भेट म्हणून मिळणाऱ्या गोष्टींचा कल असा राजधानीकडेच असतो. देणाऱ्याला ती दिसायला हवी असते, घेणाऱ्या सरकारला तिची फीत आपल्या कारकिर्दीत कापायची असते, आणि मोकळी सरकारी जमीन, तयार वीज-पाणी, छायाचित्रकार हे सगळं राजधानीत हाताशी असतं. कोस्टा रिकाच्या राज्यघटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्षाला चार वर्षं मिळतात आणि लगेच दुसऱ्यांदा उभं राहता येत नाही. मध्ये आठ वर्षं थांबावं लागतं. चार वर्षांत पुरं होईल असं काम मैदानाचं असतं, महामार्गाचं नसतं.

आता महामार्गाकडे येऊ.

शी जिनपिंग २०१३ मध्ये आले तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी लॉरा चिंचिया होत्या. शी एका कॉफी उत्पादक शेतकऱ्याच्या घरी जाऊन आले, फोटो जगभर छापले गेले. पण त्या दौऱ्यातला वजनदार कागद होता ‘रूता ३२’ म्हणजे राष्ट्रीय मार्ग क्रमांक ३२ च्या चौपदरीकरणाचा. सान होसे ते लिमोन हा सुमारे १६० किलोमीटरचा रस्ता. त्यातल्या १०७ किलोमीटरचं रुंदीकरण करायचं, एकूण खर्च ४६.५ कोटी डॉलर. पैकी ३९.५ कोटी डॉलर चीनची निर्यात-आयात बँक कर्जाऊ देणार, उरलेले कोस्टा रिकाने घालायचे. काम करणार चायना हार्बर इंजिनिअरिंग कंपनी.

इथे थांबून ‘मदत’ या गोष्टीची फोड करायला हवी, कारण बातम्यांत सगळं एकाच नावाखाली येतं. मैदान हे अनुदान होतं, परत करायचं नव्हतं. कर्जरोखे ही गुंतवणूक होती, व्याजासकट परत करायची. आणि रूता ३२ चं हे सवलतीचं कर्ज: व्याज बाजारापेक्षा कमी, मुदत लांब, पण सोबत अट अशी की कंत्राटदार कर्ज देणाऱ्याच्या देशातला असेल. म्हणजे खुली निविदा निघत नाही, चार कंपन्यांचे दर शेजारी ठेवून बघता येत नाहीत. कर्जाचा मोठा भाग चिनी बँकेतून निघून चिनी कंपनीकडेच जातो आणि फेड मात्र कोस्टा रिकाचा करदाता करतो. यात चीनने काही नवा शोध लावलेला नाही. अमेरिकेने कित्येक वर्षं आपल्या मदतीच्या धान्याचा मोठा भाग आपल्याच जहाजांतून पाठवण्याची अट पाळली आहे. पण निविदा नसेल तर किंमत रास्त आहे की नाही हे तपासायचा सोपा मार्ग उरत नाही, आणि मग तपासणीचं काम संसद, लेखापरीक्षक आणि न्यायालयं यांच्यावर येऊन पडतं.

कोस्टा रिकाच्या घटनेनुसार परदेशी कर्ज घ्यायला संसदेत दोनतृतीयांश मतं लागतात, ५७ पैकी ३८. एकाच पक्षाकडे इतकी मतं क्वचितच असतात. त्यामुळे २०१३ मध्ये चिंचियांनी ज्यावर सही केली त्याला संसदेची मान्यता २०१५ मध्ये मिळाली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते लुईस गियेर्मो सोलीस, दुसऱ्या पक्षाचे. काम सुरू व्हायला २०१७ उजाडलं. बांधकामाचा मोठा काळ गेला तो कार्लोस अल्वाराडो यांच्या कारकिर्दीत, आणि २०२२ मध्ये रोद्रिगो चावेस आले तेव्हाही रस्ता अर्धवट होता. २०२० पर्यंत पुरं व्हायचं ते काम २०२५ मध्येही पूर्ण झालेलं नव्हतं. एका सहीला चार राष्ट्राध्यक्ष लागले, तरी रस्ता संपेना.

अडलं कुठे? सगळ्यांत जास्त अडलं भूसंपादनात. रस्त्याकडेच्या शेकडो जमिनी, घरं, दुकानं ताब्यात घ्यायची होती आणि ती जबाबदारी करारानुसार कोस्टा रिकाच्या सरकारची होती. मोजणी, मूल्यांकन, मोबदल्यावरचे वाद, कोर्टकचेऱ्या. विजेचे खांब, पाण्याच्या वाहिन्या, टेलिफोनच्या तारा हलवायच्या, त्या प्रत्येकाचं खातं वेगळं. कंत्राटदाराला सलग जागा मिळेना म्हणून तो मिळेल तिथे तुकड्या-तुकड्याने काम करत गेला. दुसरं कारण आराखड्याचं. सही झाली तेव्हा आराखडे पुरेसे तयारच नव्हते. ग्वापिलेस, ग्वासिमो, सिकिरेस, मातिना या गावांच्या मधून जाणारा दुपदरी रस्ता चौपदरी केला की शाळेतली पोरं तो ओलांडणार कशी, सायकलवर केळीच्या मळ्यात कामाला जाणारा मजूर कुठून जाणार, हे प्रश्न लोकांनी नंतर विचारले आणि पादचारी पूल, वळणमार्ग, जोडरस्ते अशी वाढीव कामं नंतर निघाली. वाढीव काम म्हणजे वाढीव पैसा आणि परत नव्या मंजुऱ्या.

सगळ्यांत बोचरी गोष्ट वेगळीच आहे. ज्यांनी हा रस्ता कधी पाहिला आहे त्यांना ठाऊक असतं की त्याची खरी मेख घाटात आहे. सान होसेतून निघाल्यावर सुर्कीचा बोगदा ओलांडून रस्ता ब्राउलियो कारियो राष्ट्रीय उद्यानाच्या घनदाट जंगलातून खाली उतरतो. धुकं, संततधार, खडे कडे. पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि रस्ता तासन्‌तास, कधी दिवसभरही, बंद होतो. १९८७ मध्ये हा रस्ता खुला झाला तेव्हापासूनची ही रड आहे. चौपदरीकरण झालं ते मात्र रिओ फ्रिओच्या फाट्यापासून पुढे लिमोनपर्यंत, म्हणजे घाट उतरल्यानंतरच्या सखल भागाचं. घाट त्या प्रकल्पात नव्हताच. तो राष्ट्रीय उद्यानात, डोंगर ठिसूळ, खर्च अफाट. त्याला हात न लावण्यामागची कारणं समजण्यासारखी आहेत. पण परिणाम असा की दरड पडली की मोईनहून निघालेले ट्रक आता चार पदरांवरून भरधाव येतात आणि घाटाच्या तोंडाशी येऊन रांगेत उभे राहतात.

तेम्पिस्केचा पूल आणि रूता ३२ शेजारी ठेवून बघितले तर फरक देणारा देश कोण होता यात नाही. पुलाचा प्रश्न छोटा होता आणि जागा एकच होती. रस्त्याच्या बाबतीत कर्जाची रक्कम आधी ठरली, आणि तेवढ्यात काय बसतं ते नंतर.

लिमोनच्या लोकांना बाहेरून येणाऱ्या पैशाची नवलाई नाही. त्यांचा प्रांतच तसा घडला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॉफी युरोपात पाठवायला सान होसे ते लिमोन रेल्वे बांधायची ठरली. देशावर कर्ज होतं, पैसे संपत होते. तेव्हा माइनर कीथ या अमेरिकी कंत्राटदाराने १८८४ मध्ये करार केला: मी रेल्वे पुरी करतो, कर्जाचं बघतो, बदल्यात रेल्वे ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने आणि तीन लाख हेक्टरांहून जास्त जमीन द्या. रेल्वे १८९० मध्ये पुरी झाली. जमैकाहून आणलेले कृष्णवर्णीय मजूर, शिवाय चिनी आणि इटालियन, मलेरिया-पीतज्वराने हजारोंनी मेले. मिळालेल्या जमिनीवर कीथने केळी लावली आणि १८९९ मध्ये त्यातूनच युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. लिमोनला रूळ मिळाले, गोदी मिळाली, पण नफा बॉस्टनला गेला. तीसच्या दशकात कंपनीने पॅसिफिक किनाऱ्यावर नवे मळे काढले तेव्हा १९३४ च्या करारात चक्क असं कलम घातलं गेलं की तिथे कृष्णवर्णीयांना कामावर घ्यायचं नाही. मळे निघून गेले, माणसं लिमोनमध्येच राहिली, आणि त्यांतल्या बहुतेकांना नागरिकत्व मिळायला १९४८ च्या यादवीनंतरचा काळ यावा लागला. पुढे २२ एप्रिल १९९१ च्या भूकंपाने किनारा काही ठिकाणी दीड मीटरपर्यंत वर उचलला गेला आणि रेल्वेची वाताहत झाली. १९९५ मध्ये रेल्वेसेवा बंदच झाली. तेव्हापासून सगळा भार त्या एका रस्त्यावर.

हे माहीत असलं की लिमोनचे गोदी कामगार ‘विकास येतोय’ म्हटल्यावर टाळ्या का वाजवत नाहीत ते कळतं. मोईनमध्ये डेन्मार्कच्या मर्स्क समूहातल्या एपीएम टर्मिनल्स या कंपनीने सुमारे १०० कोटी डॉलर गुंतवून नवं कंटेनर बंदर बांधलं, २०१९ मध्ये ते सुरू झालं. मोठी जहाजं लागू लागली, माल लवकर हलू लागला, देशाच्या दृष्टीने काम चोख. पण त्याआधी कंटेनरचं काम हाप्देवा या सरकारी संस्थेकडे होतं. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं काम बंदर चालवणं आणि त्याच्या कमाईतून प्रांताचा विकास करणं असं दुहेरी होतं. कमाईचा मोठा झरा आटला आणि शेकडो कर्मचाऱ्यांना नुकसानभरपाई घेऊन घरी जावं लागलं. ज्या प्रांतात पक्क्या पगाराची नोकरी दुर्मीळ, तिथे एक पगार गेला की त्याच्यामागची किराणा दुकानं आणि खाणावळीही हलतात. हाप्देवात माणसं गरजेपेक्षा जास्त होती, कारभार ढिसाळ होता, हे आरोप खोटे नव्हते. तरी बंदर बांधण्याइतका विचार बंदरामागच्या शहराचा झाला नाही, असं माझं मत आहे.

याच मोईनमध्ये चिनी दौऱ्यांतला दुसरा मोठा बेत बारगळला. सरकारी तेल कंपनी रेकोपे आणि चीनची राष्ट्रीय तेल कंपनी मिळून तिथली जुनी तेलशुद्धीकरण यंत्रणा मोठी करणार होत्या, १०० कोटी डॉलरच्या वरचं काम. हू जिंताओंच्या दौऱ्यापासून त्याची चर्चा होती. पण प्रकल्प फायद्याचा ठरेल असा अहवाल ज्या संस्थेने दिला ती चिनी तेल कंपनीचीच उपकंपनी निघाली. शी जिनपिंग परत गेले त्याच महिन्यात कोस्टा रिकाच्या लेखापरीक्षण कार्यालयाने तो अहवाल वापरायला मनाई केली. बोलणी रखडली आणि २०१६ मध्ये भागीदारीच संपुष्टात आली. लिमोनच्या रोजगाराच्या दृष्टीने हा तोटा म्हणायचा की बुडीत खर्चातून सुटका, यावर तिथे दोन तट आहेत. मला विचाराल तर मुलाच्या बापानेच आपल्या घरची चौकशी करून ‘स्थळ उत्तम’ म्हणून कळवावं, तसला तो अहवाल होता.

यावर कोणी म्हणेल की देशाला खरी बरकत आली ती नेत्यांच्या दौऱ्यांतून नव्हेच, खासगी कंपन्यांतून. त्यात तथ्य आहे. इंटेलने नव्वदच्या दशकात राजधानीजवळ चिपचा कारखाना काढला, त्यामागून वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्या आल्या आणि आज ती उपकरणं देशाची सगळ्यांत मोठी निर्यात आहेत. करसवलतीची क्षेत्रं, इंग्रजी बोलणारे तंत्रज्ञ, विमानतळ, सगळं जुळून आलं. पण कुठे? पुन्हा त्याच मधल्या खोऱ्यात. खासगी भांडवल हा गुंता सोडवत नाही. आहे त्या ठिकाणी ते जास्त साचतं. म्हणून तर रस्ता, बंदर, शाळा यांसाठी सरकारी पैसा लागतो आणि सरकारकडे तो नसला की परदेशी कर्ज.

दौऱ्यांची रांग थांबलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी पदावरचा पहिलाच परदेश दौरा मध्य अमेरिकेचा केला आणि त्यात सान होसेलाही आले. बोलणं झालं ते ५जी मधून चिनी कंपन्यांना बाहेर ठेवण्याबद्दल, अमली पदार्थांबद्दल आणि स्थलांतरितांबद्दल. तसा चावेस सरकारने २०२३ मध्येच ५जी चा नियम असा केला होता की हुआवे या चिनी कंपनीला दार आपोआप बंद व्हावं. अमली पदार्थांचा विषय थेट लिमोनचा: मोईनहून युरोपला जाणाऱ्या फळांच्या कंटेनरांत कोकेन लपवलं जातं, टोळ्या त्यासाठी प्रांतात रक्त सांडतात. २०२३ मध्ये देशात ९०० हून अधिक खून झाले, तोवरचा उच्चांक. दोनच महिन्यांनी, एप्रिल २०२५ मध्ये, चीनशी नातं जोडणाऱ्या ऑस्कर आरियास यांचा अमेरिकेचा व्हिसा रद्द झाला.

रुबिओंच्या त्या दौऱ्याचा सगळ्यांत ठोस परिणाम मात्र लिमोनमध्ये दिसला नाही, आणि राजधानीतही नाही. अमेरिकेतून हाकललेल्या, इतर देशांच्या २०० जणांना कोस्टा रिकाने ठेवून घेतलं. त्यांत मध्य आशियातले आणि भारतातले लोक असतील, असं सरकारने आधीच जाहीर केलं होतं. त्यांना नेलं गेलं देशाच्या पार दक्षिणेला, पनामाच्या सीमेजवळच्या कोरेदोरेस भागात, पूर्वी पेन्सिलींचा कारखाना असलेल्या इमारतीत. हा देशातल्या गरीब भागांपैकी एक. तिथे कुठला पूल ठरला नाही की रस्ता. लहान मुलांसह माणसं तिथे अडकून पडली. अखेर जून २०२५ मध्ये घटनापीठाने त्यांना सोडायचा आदेश दिला.